लोकसभेच्या जुन्या निकालांचे आकडे जुळत नाहीत? आधी फरक वाचा

लक्षण नेहमीचंच. एका पुस्तकात १९८४ च्या काँग्रेसच्या जागा ४०४, दुसऱ्यात ४१४. १९५२ चं मतदान एका तक्त्यात सुमारे ४५ टक्के, दुसऱ्यात ६१ टक्के. १९७७ ला जनता पक्षाच्या जागा कुठे २९५, कुठे २९८, आणि निवडणूक आयोगाच्या अहवालात तर 'जनता पक्ष' हे नावच सापडत नाही. अशा वेळी बहुतेक जण एक आकडा खोडून दुसरा ठेवतात किंवा तिसरा स्रोत काढून बहुमत घेतात. दोन्ही रस्ते चुकतात. तिसरा स्रोत बहुधा पहिल्या दोघांपैकी कुणावरून तरी उतरवलेला असतो, त्यामुळे ते बहुमत खोटं. आणि वर दिलेल्या जोड्यांपैकी एकातही सरळ चुकलेला आकडा नाही. आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत, फक्त तक्त्यावर ते लिहिलेलं नाही.

म्हणून पहिलं काम दुरुस्तीचं नाही, वजाबाकीचं. दोन स्रोतांतला फरक काढा आणि तो ओळखीचा आहे का ते बघा.

एकूण जागांची बेरीजच वेगळी येते

पक्षनिहाय जागा तपासण्याआधी तक्त्याच्या तळाची बेरीज बघा. बरीचशी भांडणं तिथेच मिटतात.

१९८४: डिसेंबरमध्ये ५१४ जागांचे निकाल. पंजाब (१३) आणि आसाम (१४) इथलं मतदान १९८५ मध्ये झालं, म्हणजे आणखी २७. काँग्रेसला आधी ४०४ आणि नंतरच्या २७ पैकी १०, मिळून ४१४. ज्या तक्त्याची बेरीज ५१४ त्यात ४०४ बरोबर, ज्याची ५४१ त्यात ४१४ बरोबर. बेरीज ५१४ आणि काँग्रेस ४१४ असं दिसलं तर मात्र कुणीतरी दोन तक्ते एकत्र शिवलेत.

१९९१ चंही तसंच. उन्हाळ्यात ५२१ जागा, काँग्रेस २३२. पंजाबच्या १३ जागांसाठी फेब्रुवारी १९९२ मध्ये मतदान झालं, त्यातल्या १२ काँग्रेसकडे. म्हणून २३२ आणि २४४ हे दोन्ही आकडे फिरतात. जम्मू-काश्मीरच्या ६ जागांवर त्या वेळी निवडणूकच झाली नाही, त्यामुळे ५४३ ची बेरीज करायला जाऊ नका.

१९८० ला बेरीज ५२९ येते. आसामच्या १४ पैकी १२ आणि मेघालयाच्या एका जागेवर मतदान झालं नव्हतं, ५४२ मधून १३ गेल्या. १९८९ ला पुन्हा ५२९, पण कारण वेगळं: आसामच्या सगळ्या १४ जागा बाहेर. २०१९ ला तमिळनाडूतल्या वेल्लोरची निवडणूक रद्द होऊन ऑगस्टमध्ये झाली, म्हणून मे महिन्यातल्या तक्त्यात ५४२ जागा आणि द्रमुक २३, नंतरच्यात ५४३ आणि २४. २०२४ मध्ये सुरत बिनविरोध झालं. जागा ५४३ च, मतदान मात्र ५४२ मतदारसंघांत. 'सरासरी मतं प्रति मतदारसंघ' काढताना ५४३ ने भागलं की उत्तर थोडं खाली सरकतं.

पहिल्या लोकसभेत ४८९ आणि ४९९ असे दोन आकडे येतात. ४८९ निवडून आलेले. उरलेले १० नियुक्त: जम्मू-काश्मीरचे ६, अँग्लो-इंडियन २, अंदमान-निकोबारचा १ आणि आसामच्या आदिवासी क्षेत्राचा १. निवडणूक निकालाच्या तक्त्यात ४९९ लिहिणं चूक, सभागृहाच्या सदस्यसंख्येत ४८९ लिहिणं चूक.

१९५२ आणि १९५७: इथे सगळ्यात जास्त घोळ

या दोन निवडणुकांचा डेटा नंतरच्या साच्यात जसाच्या तसा बसत नाही. १९५२ ला ४८९ जागा होत्या पण मतदारसंघ ४०१: एकसदस्यीय ३१४, द्विसदस्यीय ८६ आणि उत्तर बंगालचा एक त्रिसदस्यीय. १९५७ ला ४९४ जागा, ४०३ मतदारसंघ: ३१२ एकसदस्यीय, ९१ द्विसदस्यीय. १९६१ च्या कायद्याने ही पद्धत संपली आणि १९६२ पासून सगळे मतदारसंघ एकसदस्यीय झाले.

द्विसदस्यीय मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मतं होती, दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. इथून तीन वेगवेगळ्या चुका निघतात.

पहिली मतदानाच्या टक्केवारीत. १९५२ ला मतदार १७,३२,१२,३४३ आणि मतं १०,५९,५०,०८३. भागाकार केला की ६१.१७ टक्के. पण भागलेली संख्या मतांची आहे, माणसांची नाही. एका माणसाची दोन मतं त्यात दोनदा मोजली गेली आहेत. ती दुरुस्त केली की टक्केवारी ४५ च्या आसपास येते. १९५७ ला १२,०५,१३,९१५ भागिले १९,३६,५२,१७९ म्हणजे ६२.२ टक्के, आणि दुरुस्त आकडा पुन्हा ४५ च्या घरात. 'पहिल्या निवडणुकीत ६१ टक्के मतदान, १९६२ ला घसरून ५५' अशी वाक्यं जिथे दिसतील तिथे हाच घोटाळा समजा. घसरण झालीच नव्हती, वाढ झाली होती.

स्वतः दुरुस्ती करायची असेल तर राष्ट्रीय बेरजेवर करू नका, मतदारसंघनिहाय करा. एकसदस्यीय जागांची मतं तशीच ठेवा, द्विसदस्यीयांची २ ने आणि उत्तर बंगालची ३ ने भागा, मग बेरीज घ्या. बिनविरोध जागांचे मतदार छेदातून काढायचे की ठेवायचे हे आधी ठरवा आणि लिहून ठेवा. स्रोतास्रोतांत एखाद-दोन टक्क्यांचा फरक बऱ्याचदा यामुळेच राहतो. शिवाय २ ने भागून येणारा आकडा किमान आहे. काही मतदार एकच मत देऊन परतले, म्हणून खरी माणसं थोडी जास्त असणार. दशांशाच्या दोन घरांपर्यंत अचूकतेचा आव आणण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक विजेता ठरवण्यात. स्प्रेडशीटमध्ये मतांच्या उतरत्या क्रमाने ओळी लावून वरचे दोघे विजयी धरले की फसलात. पद्धत अशी होती: आधी राखीव जागा भरायची, म्हणजे अनुसूचित जातीच्या (किंवा जमातीच्या) उमेदवारांत सर्वाधिक मतं असलेला विजयी, मग उरलेल्या सगळ्यांत, त्यात राखीव प्रवर्गातले इतर उमेदवारही धरून, सर्वाधिक मतं असलेला दुसरा विजयी. म्हणजे एकूण मतांत तिसरा असलेला उमेदवार निवडून येऊ शकतो. उलट, दोन्ही जागा राखीव प्रवर्गातल्या उमेदवारांकडेही जाऊ शकतात. १९५७ ला आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये तसंच झालं: दोन्ही जागांवर अनुसूचित जमातीचे उमेदवार आले, व्ही. व्ही. गिरी हरले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५९ मध्ये निकाल कायम राहिला. अशी ओळ दिसली की 'प्रवर्ग चुकला असेल' म्हणून कुणी परस्पर बदलू नये.

तिसरी चूक मताधिक्य आणि टक्क्यांत. १९५२ ला मुंबई शहर उत्तरमध्ये राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७ मतं घेऊन निवडून आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १,२३,५७६ मतं. मताधिक्य १४,५६१. हे मताधिक्य राखीव जागेवरच्या या दोघांमधलं आहे. सर्व उमेदवारांच्या यादीत वरच्या-खालच्या ओळीची वजाबाकी केली तर भलताच आकडा येईल. टक्केवारीचं तर विचारूच नका. एकूण मतांच्या हिशेबात, सगळ्यांनी दोन्ही मतं वापरली असतील तर प्रत्येक मतदाराने ज्याला मत दिलं त्या उमेदवाराचीही टक्केवारी ५० च्या वर जाऊ शकत नाही. म्हणून १९५२-५७ मधल्या द्विसदस्यीय जागांची 'मतांची टक्केवारी' १९६२ नंतरच्या टक्केवारीशेजारी एकाच आलेखात लावू नये.

एक किरकोळ पण छळणारी बाब: ही निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ चालली. काही फाइलींत वर्ष १९५१, काहींत १९५२. वर्ष धरून दोन तक्ते जोडले की पहिली निवडणूक अख्खी गळते किंवा दोनदा येते. वर्षाऐवजी लोकसभेचा क्रमांक (पहिली, दुसरी...) ही जोडणीची किल्ली ठेवा. १९८४-८५ आणि १९९१-९२ चा त्रासही त्यात मिटतो.

निकालात हरलेला माणूस खासदारांच्या यादीत

अशोक मेहता १९५२ ला मुंबईत हरले, तरी पहिल्या लोकसभेच्या सदस्यांत त्यांचं नाव आहे. कारण १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक. यशवंतराव चव्हाण १९६२ च्या लोकसभा निकालात कुठेच नाहीत, पण तिसऱ्या लोकसभेत नाशिकचे खासदार आहेत: १९६३ ची पोटनिवडणूक, तीही बिनविरोध, त्यामुळे मतांचा रकाना कोरा असणार. तो कोरा रकाना 'माहिती गहाळ' नाही आणि शून्यही नाही. 'बिनविरोध' असंच लिहा.

गोव्याचं तर १९६२ च्या सार्वत्रिक निकालात काहीच सापडणार नाही. डिसेंबर १९६१ मध्ये मुक्ती, १९६२ च्या निवडणुकीत गोवा नाही, सुरुवातीला नियुक्त सदस्य आणि पहिली निवडणूक १९६३ अखेरीस. पीटर आल्वारिस आणि मुकुंद शिंक्रे हे तिसऱ्या लोकसभेत यातून आले.

दोन जागांवरून निवडून येणाऱ्यांमुळेही एकाचा फरक पडतो. इंदिरा गांधी १९८० ला रायबरेली आणि मेडक दोन्हीकडून आल्या. जागा मोजल्या तर दोन, माणसं मोजली तर एक. निकालाच्या तक्त्यात दोन्ही ठेवा; राजीनामा आणि नंतरची पोटनिवडणूक वेगळ्या तक्त्यात.

लोकसभेची सदस्य-सूची, चरित्रकोश आणि पक्षांची प्रकाशनं सहसा मुदत संपतानाची स्थिती दाखवतात. निवडणूक आयोगाचा सांख्यिकी अहवाल निकालाच्या वेळची. दोन्ही एकाच रकान्यात भरायचे नाहीत, एवढा नियम पाळला तरी निम्मं काम होतं.

पक्षाचं नाव

आयोगाचा अहवाल उमेदवाराची नोंद चिन्ह आणि नोंदणीनुसार करतो. लोक मात्र माणूस कोणाचा ते लक्षात ठेवतात. १९७७ ला जनता पक्षाचे बहुतेक उमेदवार भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढले, म्हणून अहवालात २९५ जागा भारतीय लोकदलाच्या नावावर आहेत. संघटना काँग्रेसच्या स्वतंत्र नोंदलेल्या ३ जागा मिळवल्या की २९८. महाराष्ट्रात त्याच वर्षी काँग्रेस २०, जनता (अहवालात लोकदल) १९, शेकाप ५, माकप ३, रिपब्लिकन (खोब्रागडे) १, बेरीज ४८. लोकदल महाराष्ट्रात एवढा कधी वाढला, असा प्रश्न पडून कुणी ती नोंद 'दुरुस्त' केली असेल तर मूळ लेबल परत आणा आणि शेजारी दुसरा रकाना उघडा.

१९८४ ला मुंबईत मनोहर जोशी आणि वामनराव महाडिक हे शिवसेनेचे नेते भाजपच्या कमळावर लढले. आयोगाच्या तक्त्यात ते भाजपचे. त्याच निवडणुकीत मुंबई दक्षिण-मध्यमधून जिंकलेले दत्ता सामंत अहवालात अपक्ष, तर बाकीच्या लिखाणात कामगार आघाडीचे. १९५७ ची संयुक्त महाराष्ट्र समिती ही आघाडी होती; अहवालात तिचे उमेदवार प्रजासमाजवादी, शेकाप, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, जनसंघ आणि अपक्ष असे विखुरलेले आहेत. 'समितीच्या जागा' मोजायच्या तर समितीची उमेदवार यादी समकालीन वर्तमानपत्रांतून काढून नावानिशी जुळवावी लागते. दुसरा सोपा रस्ता नाही.

काँग्रेसच्या बाबतीत कंसातलं अक्षर जपा. १९८० ला काँग्रेस (इंदिरा) ३५३ आणि काँग्रेस (अर्स) १३ वेगळे. जनता ३१ आणि जनता (सेक्युलर) ४१ वेगळे. फाइल साफ करताना कंस उडवणारी आज्ञा चालवली की दोन पक्षांची बेरीज होते आणि चूक कुठे झाली ते कळतसुद्धा नाही.

टक्केवारी अर्ध्या टक्क्याच्या आत हुकते

आधी छेद विचारा. मतदार, झालेलं मतदान, वैध मतं, की नोटा ('यापैकी कुणीही नाही' हा पर्याय) धरून मतं? २०१४ ला भाजपची मतं १७,१६,६०,२३०. नोटा वगळून वैध मतं सुमारे ५४.७८ कोटी, त्यावर ३१.३४ टक्के. नोटा धरून सुमारे ५५.३८ कोटी, त्यावर ३१.० टक्के. दोन्ही छापून आले आहेत आणि दोन्ही बरोबर. २०१४ च्या आधी लोकसभेला नोटा नव्हता, म्हणून जुन्या निवडणुकांशी तुलनेला नोटा वगळलेला आकडा घ्यावा. अनामत रक्कम वाचली का हे तपासतानाही वैध मतांचा एक-षष्ठांश बघायचा, त्यात नोटा धरत नाहीत.

नाव तेच, मतदारसंघ वेगळा

महाराष्ट्राची मालिका लावणाऱ्यांनी इथे थांबावं. १९५२ ला महाराष्ट्र राज्य नव्हतं. मराठवाडा हैदराबाद राज्यात, विदर्भ मध्य प्रदेशात, बाकीचा भाग मुंबई राज्यात. १९५७ ला द्वैभाषिक मुंबई राज्याच्या ६६ जागा, त्यात गुजरातही. पुढे महाराष्ट्राच्या जागा १९६२ ला ४४, १९६७ आणि १९७१ ला ४५, १९७७ पासून ४८. 'महाराष्ट्र १९५२' अशा नावाचा कुठलाही तक्ता कुणीतरी नंतर जुळवलेला आहे. त्यात कोणते मतदारसंघ घेतले ते दिसत नसेल तर तो वापरू नका.

२००८ च्या पुनर्रचनेनंतर, म्हणजे २००९ पासून, यादीच बदलली. कुलाबा, राजापूर, कराड, इचलकरंजी, पंढरपूर, खेड, एरंडोल, मालेगाव, कोपरगाव, डहाणू ही नावं गेली. रायगड, रत्नागिरी-सिंधुदुर्ग, हातकणंगले, माढा, शिरूर, मावळ, रावेर, दिंडोरी, शिर्डी, पालघर आली. 'कुलाबा म्हणजेच रायगड' असं सरसकट जोडू नका. जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये बदललं तरी मतदारसंघ २००४ पर्यंत कुलाबाच होता, आणि २००९ ला आलेल्या रायगडच्या सीमा वेगळ्या आहेत. कोणते विधानसभा मतदारसंघ कुठे गेले ते पुनर्रचना आदेशात बघा.

अनुक्रमांकावर तर मुळीच विसंबू नका. २००४ पर्यंत महाराष्ट्राचा क्रमांक १ राजापूर होता, २००९ पासून नंदुरबार. क्रमांक धरून तक्ते जोडले तर ४८ च्या ४८ ओळी जुळल्यासारख्या दिसतील आणि जवळजवळ सगळ्या चुकलेल्या असतील. फाइल कुठून उतरली ते पकडायला एक झटपट चाचणी आहे: २००४ च्या ओळीत लातूर किंवा सोलापूर अनुसूचित जातीसाठी राखीव दिसतंय का? ते आरक्षण २००९ पासूनचं. २००४ ला उस्मानाबाद, पंढरपूर, बुलढाणा राखीव होते. उलटं दिसलं तर कुणीतरी नवी यादी जुन्या वर्षांवर ओढली आहे.

नावांच्या लिखाणासाठी समानार्थी तक्ता करून ठेवा: येवतमाळ-यवतमाळ, भीर-बीड, ठाणा-ठाणे, शोलापूर-सोलापूर, पूना-पुणे. शहराचं नाव बदललं म्हणून मतदारसंघाचं बदलत नाही. २०२४ चा निकालही औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर याच नावांनी आहे.

एका उमेदवाराची मतं जुळत नाहीत

फरक काही शे ते दोन-तीन हजारांचा असेल तर टपाली मतं सुटली आहेत का ते आधी बघा. मुंबई उत्तर-पश्चिम, २०२४: मतदान यंत्रांवर अमोल कीर्तिकर ४,५१,०९५, रवींद्र वायकर ४,५१,०९४. टपाली मतं अनुक्रमे १,५०१ आणि १,५५०. एकूण ४,५२,५९६ आणि ४,५२,६४४, म्हणजे वायकर ४८ मतांनी विजयी. केंद्रनिहाय बेरीज करून थांबलेल्या फाइलीत विजेताच बदलतो.

फॉर्म २० मध्ये (मतदारसंघाचा अंतिम निकालपत्रक) प्रदत्त मतांचा, म्हणजे आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेल्यावर मतदाराने वेगळ्या मतपत्रिकेवर दिलेल्या मतांचा, रकाना वेगळा असतो. तो बेरजेत घ्यायचा नाही. फॉर्म १७-सी (मतदान केंद्रावरचा नोंदलेल्या मतांचा हिशेब) मधली मतदारसंख्या आणि यंत्रावर मोजलेली मतं यांत थोडा फरक राहिला तर तेवढ्यावरून आकडा खोटा ठरवू नका. चाचणी मतदान न पुसल्यामुळे एखादं यंत्र बाजूला ठेवलं जातं आणि मताधिक्य त्या यंत्रातल्या मतांपेक्षा मोठं असेल तर ते मोजलंही जात नाही.

फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर दोन शेजारचे अंक उलटे टंकले गेल्याचा संशय घ्या: १,२३,५७६ चे १,२३,७५६ झाले तर फरक १८०. फरक नेमका १०,००० किंवा १,००,००० असेल तर स्कॅनमधला एक अंक चुकीचा वाचला गेलाय. जुन्या इंग्रजी छपाईत 3 आणि 8, देवनागरीत १ आणि ९ यांची गल्लत नेहमीची. दशलक्ष ते कोटी करताना शून्य सरकलं असेल तर फरक दहापटीचाच दिसतो, तो लपत नाही.

प्रत्येक ओळीवर चार तपासण्या सूत्राने लावा. उमेदवारांच्या मतांची बेरीज बरोबर वैध मतं (२०१४ पासून नोटा कुठे धरलाय ते बघून). वैध अधिक बाद बरोबर झालेलं मतदान. विजेता वजा दुसरा बरोबर मताधिक्य. मतदान मतदारसंख्येपेक्षा कमी. शेवटच्या दोन तपासण्या १९५२ आणि १९५७ च्या द्विसदस्यीय जागांना लावायच्या नाहीत, तिथे मताधिक्य वर सांगितल्याप्रमाणे वेगळं निघतं आणि मतं मतदारांपेक्षा जास्त असू शकतात.

कुणावर किती भरवसा

उमेदवाराची मतं आणि अधिकृत पक्षलेबल यासाठी आयोगाचा सांख्यिकी अहवाल. अलीकडच्या निवडणुकांत त्यावरही शंका आली तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा फॉर्म २० आणि फॉर्म २१-ई (निवडणुकीचं अधिकृत विवरणपत्र). सीमा आणि आरक्षणासाठी पुनर्रचना आदेश. प्रत्यक्ष खासदार कोण होता यासाठी लोकसभेची सदस्य-सूची. आघाड्या आणि पाठिंबा यासाठी त्या आठवड्याची वर्तमानपत्रं, पण मतांसाठी नाही. दुसऱ्या दिवशीच्या अंकात बऱ्याच जागांवर मोजणी सुरू असतानाचे आकडे छापलेले असतात. अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी सेंटरचा लोक ढाबा हा निवडणूक-निकालांचा डेटासंच कामाला फार सोयीचा, नावं आणि पक्षांची साफसफाई केलेली मिळते. पण तो आयोगाच्या अहवालांवरून उभा आहे, म्हणून आयोगाचा आकडा खरा की खोटा हे त्यावरून सिद्ध करता येत नाही. विकिपीडियावर बघायचं ते तळटीप कुठे नेते एवढंच.

फाइलीत प्रत्येक स्रोताला स्वतंत्र रकाना द्या आणि मूळ आकड्यावर कधीही दुसरा लिहू नका. शेजारी तीन रकाने हवेत: कोणत्या तारखेची स्थिती, छेद कोणता, फरकाचं कारण. कारण सापडलं नाही तर तिसरा रकाना रिकामा ठेवा आणि दोन्ही आकडे छापा. सरासरी काढू नका. ती कुठल्याच कागदावर नसते.